घरचं माणूस दवाखान्यात आणि हजेरीपटावर खाडा: पगारी रजा का मिळू नये?

पाना१४ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशिन) ऑपरेटर आहे, नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात सकाळी चहा पिताना आईच्या हातातनं कप सुटला. निसटला असेल म्हणून बायकोनं दुसरा दिला, तोही सुटला. तेव्हा कुठं नीट बघितलं तर तोंड डावीकडं ओढलेलं. तसंच रिक्षात घालून मिरजेला नेलं. वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय गेला.

अकरा दिवस दवाखान्यात काढले. घरात आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. बायको शिलाईकाम करते. रात्री ती थांबायची, दिवसा मी. आईला कूस बदलायला माणूस लागायचं, पेज चमच्यानं भरवायची तर एकेका घोटाला पाच मिनिटं. फिजिओवाल्यांनी हातात रबरी चेंडू दिला होता, दर तासाला दहा वेळा दाबायला लावायचा. बोटं मिटायची नाहीत. मी माझ्या मुठीत तिची मूठ धरून दाबायचो.

रजा शिल्लक नव्हती. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा संपली होती. सुपरवायझर माणूस चांगला आहे, पण त्यालाही वरून विचारणा होत होती. रोज दुपारी फोन यायचा, "उद्या येणार का?"

पगार झाला तेव्हा स्लिप बघितली. ढोबळ पगार २२,८००. अकरा दिवस बिनपगारी, २६ दिवसांच्या हिशेबानं ९,६४६ रुपये गेले. हजेरी भत्त्याचे हजार वेगळे गेले. दवाखान्याचं बरंचसं योजनेत बसलं, पण पगार कुठल्या योजनेत बसतो? त्याच महिन्यात औषधं, डायपर, वॉकर, रिक्षा. बायकोची दोन तोळ्यांची माळ बँकेत ठेवली.

मी स्वतः आजारी पडलो तर काहीतरी सोय आहे म्हणतात. पण घरचं माणूस आजारी पडलं की आपण "गैरहजर". आई-बाप, बायको, पोर यांचं करायला कामगाराला पगारी रजा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडं काय पद्धत आहे? आणि याचा पैसा कुणी द्यायचा? हे मला खरंच समजून घ्यायचंय.

चिंचेचं_बन | सोमवार, रात्री १०:५८

आधी आईंची तब्येत कशी आहे ते सांगा दादा. बाकी नंतर.

पाना१४ | सोमवार, रात्री ११:०५

@चिंचेचं_बन घरी आणलंय. बोलणं जरा सुधारलंय. नातीला हाक मारते, ती बरोबर कळते.

हजेरीपट | मंगळवार, सकाळी ७:१५

पाना१४, मी टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता ती "काहीतरी सोय" म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा. १९४८ च्या कायद्यानं सुरू झालेला. कामगाराच्या पगारातनं पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. २०१९ च्या जुलैपासून हे दर आहेत, त्याआधी जास्त होते. म्हणजे २०,००० पगार असेल तर तुमचे १५० आणि मालकाचे ६५०. त्या बदल्यात स्वतः आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट एवढीच की त्या सहा महिन्यांच्या टप्प्यात ७८ दिवस वर्गणी भरलेली हवी. टीबी, कॅन्सर, पक्षाघात असे ३४ मोठे आजार असतील तर ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. कामावर जखमी झालात तर ९० टक्के. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार.

आता गोम कुठं आहे? पगाराची मर्यादा २१,०००. जानेवारी २०१७ ला ती १५ वरून २१ हजार केली आणि तिथंच थांबली. तेव्हापासून डाळ, तेल, भाडं, सगळं वाढलं, पगारही थोडेफार वाढले, मर्यादा वाढली नाही. तुमच्यासारखा हातात कसब असलेला ऑपरेटर दोन वाढी घेतल्या की मर्यादेच्या बाहेर. पगार वाढला म्हणून विमा गेला. मी स्वतः अशी माणसं पाहिलीत जी म्हणायची, "साहेब, वाढ नको, २०,९०० वरच ठेवा."

आणि ईएसआयमध्ये असता तरी तुमचा प्रश्न सुटला नसता. आईवर उपचार झाले असते, अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. पण तुम्ही आईजवळ बसलात त्या अकरा दिवसांचा पगार ईएसआयसुद्धा देत नाही. ती तरतूदच नाही.

पाना१४ | मंगळवार, सकाळी ७:५०

@हजेरीपट बरोबर. दोन वर्षांपूर्वी २१ च्या वर गेलो आणि कपात बंद झाली. तेव्हा हातात दीडशे रुपये जास्त आले म्हणून बरं वाटलं होतं.

सज्जनगड | मंगळवार, सकाळी ९:३०

आईंना लवकर बरं वाटो. पण विषयावर माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो.

मी साताऱ्यात एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. पावसाळा सुरू झाला की पेरणीला दांड्या, पुढं जत्रा, मग लग्नसराई. मेडिकल सर्टिफिकेट आणायला कुणाला वेळ लागत नाही. उद्या "घरचं माणूस आजारी" याला पगारी रजा दिली तर प्रत्येकाची आजी दर महिन्याला आजारी पडेल. खऱ्या गरजवंताला मिळालीच पाहिजे, पण खरा कोण हे ठरवायचं कसं? माझ्याकडं ४० माणसांच्या शिफ्टला ३१ आली की त्या ३१ जणांना ओव्हरटाइम करून मरावं लागतं. त्यांचं कोण बघणार?

वॉर्ड_नंबर_३ | मंगळवार, दुपारी २:२०

@सज्जनगड दादा, मी मिरजेत नर्स आहे. आमच्या वॉर्डात रोज काय दिसतं ते सांगते.

पेशंटच्या उशाशी बसलेला माणूस सारखा घड्याळ बघत असतो. डॉक्टर म्हणतात अजून चार दिवस ठेवा, तो म्हणतो आज सोडा. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही करतो. आम्ही विचारतो घाई कशाची? उत्तर ठरलेलं: "खाडा पडतोय, सिस्टर." तो पेशंट आठ-दहा दिवसांनी परत येतो, शय्याव्रण होऊन. पाठीवर माझा तळहात मावेल एवढी जखम. ती भरायला दोन महिने. जे चार दिवसांत निभावलं असतं त्याला दोन महिने आणि तिप्पट खर्च.

पक्षाघाताच्या पेशंटला पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात. तेव्हा व्यायाम करून घेणारं माणूस जवळ असलं तर हातपाय परत येण्याची शक्यता खूप जास्त. पाना१४, तुम्ही आईंची मूठ दाबत बसलात ना, ते औषधाइतकंच महत्त्वाचं काम होतं.

आणि खरं-खोटं ठरवायचं म्हणाल तर दवाखान्यात भरती असलेल्याचा केस पेपर असतो, डिस्चार्ज कार्ड असतं. सुरुवात भरती असलेल्यांपासून करा. आजी महिन्याला भरती होत नाही.

बेदाणा | मंगळवार, दुपारी ३:०५

@वॉर्ड_नंबर_३ +१. शेवटचं वाक्य तर फारच पटलं.

माझी आई तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाते. तिथं रजा हा शब्दच नाही. गेलं तर हजेरी, नाही गेलं तर नाही. पाठीचं दुखणं घेऊन ती भर उन्हाळ्यात जायची, कारण सीझन दोन-तीन महिन्यांचा. तुमचा धागा वाचताना वाटलं, निदान तुम्हाला स्लिपवर "अकरा दिवस" लिहून तरी दाखवतात. आमच्या आईचे बुडालेले दिवस कुणी मोजलेच नाहीत. पगारी रजेचं बोलताना एमआयडीसीच्या गेटाबाहेरच्या बायकाही त्यात धरा एवढंच म्हणणं आहे.

लघुउद्योजक_मिरज | मंगळवार, रात्री ९:१०

मालकाच्या बाजूनं कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो.

माझं छोटं मशिन शॉप आहे, १४ माणसं. महिन्याचा एकूण पगार साधारण ३ लाख २० हजार. एक व्हीएमसी एक शिफ्ट बंद राहिली की माझ्या दरानं २,८०० रुपये बुडतात आणि डिस्पॅच चुकला तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. माझ्याकडचा ऑपरेटर अकरा दिवस गेला तर त्याचा पगार देऊन वर बदली माणसाचा पगार मी दोनदा देऊ शकत नाही. दिला तर तिसऱ्या वर्षी शटर खाली.

आणखी एक गोष्ट, जी मी कुठं बोललेलो नाही. माझ्याकडं ड्रॉइंगला एक मुलगी होती, कामात वाघीण. पगार २६,०००, म्हणजे ईएसआयच्या बाहेर. तिचं बाळंतपण आलं. दहा माणसांच्या वर असल्यामुळं कायदा मला लागू, २६ आठवड्यांचा पगार मी भरला, १ लाख ५६ हजार. ते देणं योग्यच होतं आणि मी आनंदानं दिलं. पण पुढच्या वेळी त्या जागेला दोन अर्ज आले, एक मुलाचा आणि एक नुकतंच लग्न झालेल्या मुलीचा. मुलगी जास्त हुशार होती. मी मुलाला घेतलं. त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला दोन मुली आहेत.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की रजा द्यावी, पण एकट्या मालकाच्या खिशातून नको. सगळ्यांनी थोडं थोडं घालावं आणि निधीतून द्यावं. महिन्याला एक टक्का म्हणजे मला ३,२००. ते मी हसत भरेन. एकदम दीड लाख आले की लहान माणूस वाकतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

@लघुउद्योजक_मिरज, तुम्ही मनातलं लिहिलंत, फार बरं वाटलं. मी वाईची, निवृत्त शिक्षिका. तुम्ही जे म्हणता ते जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं मुंबईच्या कायदेमंडळात सांगितलं होतं.

२८ जुलै १९२८. गिरण्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं विधेयक आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. त्यांचं म्हणणं असं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलला पाहिजे. पण ते तिथं थांबले नाहीत. आज सरकार देत नाही म्हणून मालकानं द्यायचं नाही असं होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी, १९२९ ला, मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला असा पहिला.

मी साताऱ्यात शिकवत असताना दर ७ नोव्हेंबरला मुलांना सांगायचे की १९०० साली या दिवशी याच गावच्या शाळेत त्यांचं नाव घातलं गेलं. त्यांची आई भीमाबाई साताऱ्यातच गेल्या, बाबासाहेब अगदी लहान असताना. आईच्या विश्रांतीबद्दल ते कायदेमंडळात बोलत होते तेव्हा मनात काय असेल, ते मी वर्गात सांगायचे नाही, पण मला स्वतःला ते दरवेळी जाणवायचं.

माझी स्वतःची धाकटी १९८४ ची. तेव्हा तीन महिने रजा होती. शाळा सुटेपर्यंत दूध भरून साडी ओली व्हायची. आता सहा महिने झाले, २०१७ पासून. माझ्या सुनेनं ते घेतले, आणि नातवाची तब्येत बघून मला वाटतं की याच्यापेक्षा चांगला खर्च दुसरा नसेल.

सज्जनगड | बुधवार, सकाळी ८:१०

@वॉर्ड_नंबर_३ केस पेपरचं मान्य. भरती असलेल्यांपुरतं असेल तर माझा विरोध नाही. पण ३१ माणसांचा प्रश्न राहतोच. बदली कामगार कुठून आणायचा?

@कृष्णाकाठ बाई, बहुतेक मी तुमचा विद्यार्थी असेन. सातवीला इतिहास?

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८:४५

@सज्जनगड सातवी-आठवी, इतिहास आणि मराठी. मागच्या बाकावरचा असशील तर फळा पुसायला तुलाच उठवलं असणार.

हळदबाजार | बुधवार, दुपारी १२:१५

निधीची कल्पना नवीन नाही हो. सांगलीच्या मार्केट यार्डात या, दाखवतो.

माझे वडील हळदीची पोती उचलायचे. हमालाला मालक एक नसतो. सकाळी एका अडत्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. मग रजा कुणाकडं मागायची? १९६९ ला माथाडी कायदा झाला. त्यासाठी लढले ते अण्णासाहेब पाटील, आपल्याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्या कायद्यानं काय केलं, तर ज्याचा माल त्यानं हमाली आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मंडळ त्या लेव्हीतनं भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार असं सगळं बघतं. मालक दहा असले तरी हमालाचं खातं एक.

वडिलांचा गुडघा गेला तेव्हा एकही अडत्या दारात आला नव्हता, पण मंडळात वडिलांच्या नावावर पैसे होते. मी तेव्हा नववीत होतो. शाळा सुटली नाही ती त्याच्यामुळं.

@बेदाणा, तुमच्या आईंच्या शेडवर हेच का होऊ नये? बेदाणा सौद्याला येतो, किलोकिलोचा हिशेब होतो. तिथंच निवडणीच्या बायकांसाठी थोडी लेव्ही बसवता येईल.

बेदाणा | बुधवार, दुपारी १:००

@हळदबाजार हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आईला संध्याकाळी वाचून दाखवते.

जर्सीतला_इस्लामपूरकर | बुधवार, दुपारी ४:४० (इकडं सकाळ)

मी नऊ वर्षं न्यू जर्सीत आहे, म्हणून इकडची गोष्ट सांगतो. भारतात अनेकांना वाटतं अमेरिकेत सगळं असेल. तसं नाही. १९९३ चा केंद्राचा कायदा १२ आठवडे रजा देतो पण बिनपगारी, तीही ५० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत. नोकरी राखून ठेवतात, एवढंच. बाळंतपणाची पगारी रजासुद्धा देशभरातल्या सगळ्या कामगारांना नाही. त्या बाबतीत आपण पुढं आहोत.

पण काही राज्यांनी स्वतःचं केलंय. पहिलं कॅलिफोर्निया, २००४ पासून. आमच्या न्यू जर्सीत २००९ पासून. माझ्या पगारातून दर वेळी थोडी कपात होते, "कौटुंबिक रजा विमा" म्हणून. बायकोच्या ऑपरेशनला मी सहा आठवडे घरी होतो. पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ठरावीक कमाल रकमेच्या आत, राज्याच्या निधीतून मिळाले. कंपनीनं एक पैसा दिला नाही, म्हणून साहेबाचं तोंडही वाकडं झालं नाही. आईवडिलांच्या आजारपणालाही तीच रजा चालते. फॉर्मवर फक्त त्यांच्या डॉक्टरांची सही लागते.

माझे वडील गावाकडं वारले तेव्हा मी इकडं होतो. रजा होती, तिकीटही होतं, तरी वेळेत पोचलो नाही. पाना१४, तुमचे दहा हजार गेले याचं वाईट वाटतं, पण तुम्ही तिथं होतात.

पाना१४ | बुधवार, रात्री ११:१५

@जर्सीतला_इस्लामपूरकर दादा, काय लिहू. वाचून बायकोला दाखवलं. आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो.

फडावरची_शाळा | गुरुवार, सकाळी ६:३०

उशिरा लिहितेय. मी वाळवा तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवते. बेदाणा म्हणाल्या ना, गेटाबाहेरच्या बायका धरा, त्यात या बायकाही धरा.

दिवाळीच्या आगेमागे बीड, जतकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक "कोयता", त्यावर मुकादमाकडनं उचल घेतलेली. एक दिवस फडात गेलं नाही तर मजुरी तर बुडतेच, वर खाडा म्हणून दंड उचलीत चढतो. म्हणजे आजारी पडायला पैसे द्यावे लागतात. त्या भीतीनं बायकांनी काय काय सोसलंय! २०१९ ला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडू नये हे त्यामागचं एक कारण.

गेल्या हंगामात माझ्या एका विद्यार्थिनीची आई पहाटे चारला खोपीत बाळंत झाली. नवव्या दिवशी ती मोळ्या बांधत होती. बाळ बांधावर, जुन्या साडीच्या झोळीत. माझी विद्यार्थिनी आठ वर्षांची, ती झोळीला झोका देत पाढे म्हणत होती. शाळेत का आली नाहीस असं मी विचारायला गेले होते. विचारलं नाही. तिथंच बसून बाराचा पाढा पुरा करून घेतला.

चिंचेचं_बन | गुरुवार, सकाळी ७:००

हे वाचून पुढं काही लिहवत नाही.

विसापूरची_वाट | गुरुवार, सकाळी ११:५०

पैसा कुठून आणायचा, हा पाना१४ यांचा मूळ प्रश्न होता. त्यावर आपल्याच जिल्ह्यातला दाखला देतो.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. कामाच्या हमीचा पहिला प्रयोग त्यांनी आपल्या गावातच करून बघितला. तिथून पुढं राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा २००५ चा कायदा त्यानंतरचा. आता मुद्दा असा: त्या योजनेला पैसा मिळावा म्हणून १९७५ ला राज्यात व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं, आणि सरकारनंही आपली भर घालायची. तुमच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, वर्षाचे २,५००, तोच हा.

म्हणजे दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईसाठी सांगलीतल्या बँकेचा कारकून पन्नास वर्षं पैसे देत आलाय. बहुतेकांना ठाऊकही नाही. मग आजारपणाच्या रजेसाठी अशीच वर्गणी उभी करणं आपल्याला अशक्य आहे, हे मला पटत नाही.

हजेरीपट | गुरुवार, दुपारी २:३०

@विसापूरची_वाट उत्तम. मी कित्येक वर्षं तो कर कापला, पण नव्या पोरांना त्याचं कारण कधी समजावून सांगितलं नाही याची चुटपुट लागली.

आता माझं मत. नवीन यंत्रणा काढायची गरज नाही. ईएसआय आहे, तिचे दवाखाने, खाती, नंबर सगळं आहे. तिची मर्यादा २१ वरून निदान दुप्पट करा, आणि आजारपणाच्या भत्त्यात "घरच्या माणसाची शुश्रूषा" हे एक कलम घाला, सुरुवातीला वर्षाला पंधरा दिवस, भरती असलेल्यांसाठी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाळंतपणाच्या वेळी पितृत्व रजा पंधरा दिवस मिळतेच, बायकांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवस मिळतात. तिथं देश थांबला नाही. खासगी कामगाराला पितृत्वाचा एक दिवससुद्धा कायद्यात नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात वार्षिक रजेसाठी २४० दिवस भरण्याची अट १८० वर आली, ते चांगलं झालं. ठेक्यावर वर्षात आठ-नऊ महिने काम मिळणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. वीस दिवसांमागं एक रजा हे प्रमाण तेच आहे. शुश्रूषेच्या रजेचं नाव मात्र त्यातही नाही.

सज्जनगड | गुरुवार, रात्री ८:५५

दोन दिवस हा धागा डोक्यात फिरतोय. बदली कामगाराचं मीच विचारलं होतं, उत्तरही मीच शोधलं. आमच्या शिफ्टला गेल्या वर्षीची हजेरी काढून बघितली. सांगून घेतलेल्या रजेनं लाइन एकदाही थांबली नव्हती, कारण आदल्या दिवशी माणूस फिरवता आला. लाइन थांबली ती न सांगता मारलेल्या दांड्यांनी. मग त्यातल्या चौघांना बोलावून विचारलं, बाबा सांगितलं का नाहीस? तिघांच्या घरी खरंच आजारपण होतं. सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही असं म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. मी नाहीच म्हटलं असतं.

गिरणगल्ली | गुरुवार, रात्री ९:२०

@सज्जनगड 🙏

कायदा होईल तेव्हा होईल, तोवरचं सांगतो. आमच्या विट्याकडच्या एका युनिटमध्ये आम्ही "रजेची भिशी" चालवतो. दरवर्षी जानेवारीत प्रत्येकानं आपल्या रजेतला एक दिवस भिशीत टाकायचा. ३६ जण, ३६ दिवस. ज्याच्या घरचं माणूस दवाखान्यात भरती असेल त्यानं त्यातनं जास्तीत जास्त आठ दिवस घ्यायचे. तिघांची समिती, त्यात एक बाई असलीच पाहिजे. उरलेले दिवस पुढच्या वर्षाला. मालकाला जादा खर्च काही नाही, कारण ते दिवस त्याला कुणाला ना कुणाला द्यायचेच असतात. फक्त त्यानं लेखी मान्य करायला हवं. आमच्या मालकानं नंतर स्वतःहून १२ दिवस टाकले.

तीन वर्षं झाली. खोटं सांगून एकानंही दिवस घेतला नाही. शेजारच्या मशिनवरच्या माणसाची रजा खोटं बोलून कोण खाणार?

लघुउद्योजक_मिरज | गुरुवार, रात्री ९:५०

@गिरणगल्ली तुमचे नियम इथं टाकता का? १४ जणांत १४ दिवस होतील, दहा मी घालतो. सोमवारी माणसांशी बोलतो.

गिरणगल्ली | गुरुवार, रात्री १०:०५

वहीत एकच पान आहे, फोटो काढून टाकतो उद्या.

पाना१४ | शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. आज सेकंड शिफ्टच्या आधी चहाच्या टपरीवर आम्ही सहा जण बसलो होतो. एकाच्या बायकोचं डायलिसिस चालू आहे, हे मला नऊ वर्षं शेजारच्या मशिनवर काम करून आज कळलं. तो आठवड्याला दोनदा थर्ड शिफ्ट मागून घ्यायचा, आम्हाला वाटायचं त्याला रात्रपाळी आवडते.

मॅनेजमेंटला अर्ज द्यायचं ठरलंय. तीन मागण्या: रजेच्या भिशीला लेखी मान्यता, घरचं माणूस भरती असेल तर हजेरी भत्ता कापू नये, आणि २१ हजारांवरच्या लोकांचा गट विमा. पहिल्या दोन तरी मिळतील असं वाटतं. ईएसआयच्या मर्यादेचं वेगळं निवेदन खासदारांना द्यायचं, त्यावर @सज्जनगड तुमच्याकडच्या लोकांच्याही सह्या मिळाल्या तर बरं होईल.

@वॉर्ड_नंबर_३ ताई, आज आईनं चेंडू स्वतः दाबला. एकदाच, पण बोटं मिटली. नात मोजत बसली होती.

@हजेरीपट काका, अर्जाची भाषा मला जमत नाही. जरा बघाल का?

सज्जनगड | शुक्रवार, रात्री १०:४०

सह्या आणतो. माझी पहिली.

हजेरीपट | शुक्रवार, रात्री १०:४५

मजकूर पाठवा. "विनंती" लिहा, "उपकार" हा शब्द कुठं आला असेल तर काढून टाका. उद्या सकाळी बघून देतो.